बंद पडलेली तालीम पुन्हा सुरू करायची असेल तर

पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या गावांत आणि पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा या शहरांच्या जुन्या पेठांत एखादी तरी तालीम कुलूप लागलेल्या अवस्थेत आढळते. दारावर नाव शाबूत असते, आत मारुतीचा कोनाडा असतो, भिंतीला टेकवलेली जोडी आणि करेला ही फिरवायची लाकडी मुद्गले धूळ खात असतात आणि हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खोलगट आखाड्यातली माती पाण्याविना टणक होऊन गेलेली असते. ही तालीम पुन्हा चालू करावी असे गावातल्या काही तरुणांच्या मनात येते, तेव्हा पहिला विचार बहुधा लोखंडी यंत्रांचा, आरशांचा आणि फरशीचा होतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. आधी माती, मग वस्ताद, मग मुले आणि इमारतीची रंगरंगोटी सर्वांत शेवटी, या क्रमाने काम केले तरच जे उभे राहते त्याला तालीम म्हणता येते. नाहीतर जुन्या नावाची नवी व्यायामशाळा तयार होते. कागदपत्रे आणि वास्तूची जरुरीपुरती दुरुस्ती आधी उरकली की पुढचे मार्गदर्शन त्या क्रमानेच लिहिले आहे. मात्र कामाला हात घालण्यापूर्वी तालीम ही जागा मुळात कशासाठी घडली हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्या बांधणीतल्या आणि शिस्तीतल्या बहुतेक गोष्टींची कारणे त्या इतिहासात सापडतात.

ही जागा आली कुठून

मल्लविद्येचे आपल्याकडचे सविस्तर वर्णन थेट कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत मागे जाते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. मल्लांची वय, बांधा आणि ताकद यांनुसार वर्गवारी कशी करावी, त्यांच्याकडून कोणती मेहनत करून घ्यावी आणि राजाने त्यांच्या आहाराची कशी व्यवस्था ठेवावी, याची माहिती तिथे मिळते. वजन उचलणे, चालणे, पोहणे आणि खांबावरचा व्यायाम हे त्या मेहनतीचे भाग होते. वयाप्रमाणे जोड लावणे, म्हणजे लढतीसाठी तोलामोलाचे दोन मल्ल निवडणे, आणि मल्लाच्या खुराकाची जबाबदारी आश्रयदात्याने घेणे या दोन्ही गोष्टी आजही तालमीचा पाया आहेत, म्हणून हा उल्लेख केवळ अभिमानापुरता नाही.

पुढे दख्खनमध्ये सुलतानी काळात या देशी परंपरेला इराणी पहिलवानीची परंपरा येऊन मिळाली. तालीम, वस्ताद, पैलवान, खलिफा हे शब्द अरबी-फारसीतून आले, आणि ते ज्या हौद्याभोवती उच्चारले जातात त्याच्या कोनाड्यात मात्र हनुमान बसलेला असतो. या मिश्रणात सहसा कुणाला वावगे वाटलेले नाही. कोल्हापुरात काय किंवा पुण्यात काय, हिंदू वस्तादाचा मुसलमान पठ्ठ्या आणि मुसलमान वस्तादाचा हिंदू पठ्ठ्या ही नेहमीची गोष्ट होती. पुण्याच्या मानाच्या गणपतींपैकी तिसरा गुरुजी तालमीचा आहे, आणि हिंदू-मुसलमान पैलवानांच्या एकोप्याची खूण म्हणूनच तो सांगितला जातो. तालीम पुन्हा सुरू करताना जातीचा किंवा धर्माचा प्रश्न कुणी काढलाच, तर या इतिहासाचा दाखला पुरेसा आहे.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मसूर, उंब्रज, चाफळ, शिराळे अशा गावांत अकरा मारुतींची स्थापना केली आणि बलोपासनेला गावाच्या उपासनेत स्थान मिळाले. पेशवाईत तालमींना राजाश्रय होता. मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यानंतरही पेठांतल्या तालमी टिकल्या आणि त्यांना वेगळा अर्थ आला. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा, तलवार, नेमबाजी आणि कुस्ती शिकवली जात असे. तरुण जोतीराव फुले तिथे शिकले आणि वासुदेव बळवंत फडकेही त्याच वस्तादांचे शिष्य होते. ज्या काळात जातीनुसार पाणवठे वेगळे होते, त्या काळात मातंग समाजातल्या वस्तादाच्या पायाशी बसून वेगवेगळ्या जातींची मुले शिकत होती. तालमीच्या दारावर इतिहासाचा एखादा फलक लावायचाच असेल, तर त्यावर ही गोष्ट लिहावी असे मला मनापासून वाटते.

कोल्हापूरचा वाटा यात सर्वांत मोठा. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी बांधल्या, देशभरातले मल्ल दरबारी ठेवले, १९०२ च्या युरोप दौऱ्यात तिकडची प्रेक्षागृहे पाहिली आणि १९१२ मध्ये खासबागेचे गोल, उतरत्या बैठकीचे कुस्ती मैदान लोकांसाठी खुले केले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे त्यामुळेच देशभर पोहोचली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर हा राजाश्रय संपला, आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधन देऊन काही काळ ती जागा भरून काढली. कोल्हापुरात तालीम आजही पेठेचे सार्वजनिक घर आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे तिथे फुटबॉलच्या मैदानावरही तितकीच गाजतात, यावरून तालीम म्हणजे केवळ कुस्तीची खोली नाही हे लक्षात येईल.

कागद आणि माणसे

पहिले काम कागदपत्रांचे, आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळू नये. जागेचा सातबारा किंवा शहरात असल्यास मिळकत पत्रिका काढावी. जागा कुणा घराण्याची आहे, देवस्थानची आहे, ग्रामपंचायतीची आहे की तालीम मंडळाच्या स्वतःच्या नावावर आहे, हे त्यातून कळते. मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेले असेल, तर विश्वस्तांची यादी तपासावी. मृत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असणे फार सामान्य आहे, आणि फेरफार अहवाल दाखल करून नवे विश्वस्त नोंदवल्याशिवाय बँकेचे खातेही नीट चालत नाही. हे न करता दुरुस्तीवर पैसे खर्च केले, तर ऐन रंगात आलेले काम एखाद्या वारसाच्या अर्जाने थांबू शकते.

त्याच सुमारास गावातल्या म्हाताऱ्या पैलवानांना भेटावे. तालीम कुणी बांधली, माती कुठून येत असे, तिच्यात काय-काय मिसळत, कोणत्या वारी सुट्टी असे, कुणाची जोड कुणाशी गाजली, हे सगळे विचारून लिहून ठेवावे. या भेटींचा खरा लाभ असा की ज्यांनी तिथे घाम गाळला ती माणसे पुन्हा दारात येऊ लागतात, आणि त्यांचा आशीर्वाद असलेल्या कामाला गाव नाही म्हणत नाही.

वास्तू

जुन्या तालमींच्या भिंती जाड दगडाच्या, दार बुटके, खिडक्या लहान आणि आतली जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा खाली अशी बांधणी पुष्कळदा दिसते. यात गरिबी नव्हती, तर विचार होता. खोलगट जागेत माती ओलसर राहते, जाड भिंतींमुळे उन्हाळ्यातही आत गारवा टिकतो, मेहनत केलेल्या अंगाला थेट वारा लागत नाही आणि बुटक्या दारातून प्रत्येकाला वाकूनच आत यावे लागते. म्हणून भिंत पाडून मोठे दार काढण्याचा मोह आवरावा. सुधारणा करायचीच तर छताजवळ झरोके वाढवावेत, पावसाचे पाणी हौद्यात येऊ नये म्हणून जोत्याबाहेर चर काढावा आणि आंघोळीसाठी दोन-तीन नळांची मोरी बांधावी. हौद्याच्या कडेला दगडाची किंवा सिमेंटची धारदार कड उघडी असेल, तर तिच्यावर लाकडी फळी अथवा जाड रबर बसवणे अत्यावश्यक आहे, कारण डाव टाकताना मुले कडेपर्यंत घरंगळतात.

माती

तालमीचे सगळे काम शेवटी या मातीवर उभे राहते, त्यामुळे इथे घाई करू नये. जुनी माती ठेवावी की काढावी हा पहिला प्रश्न असतो. अनेक वर्षे बंद असलेल्या हौद्यात उंदरांची बिळे, मांजरांची घाण, काचा, खिळे आणि पडझडीचा चुना सापडतो. अशी माती चाळून वापरण्यापेक्षा पूर्ण काढून टाकणे चांगले. जुन्या हौद्यातली मूठभर माती नव्या मातीत मिसळण्याची जी पद्धत आहे, ती भावनेपोटी जरूर पाळावी, पण तीही चाळून घ्यावी.

नवी माती लाल हवी. सह्याद्रीच्या माथ्यालगत जांभ्या दगडाच्या पट्ट्यात मिळणारी मऊ, भुसभुशीत माती सर्वांत उत्तम. देशावरची काळी माती चालत नाही, कारण ती ओली असताना अंगाला चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडून ढेकळे होतात. फार रेताड माती कातडी सोलते. वरचा थर बाजूला सारून खालची माती उचलावी, म्हणजे मुळ्या आणि काडीकचरा कमी येतो. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. हौदा २० फूट लांब, २० फूट रुंद आणि मातीचा थर दीड फूट धरला तर ६०० घनफूट, म्हणजे सहा ब्रास माती भरते. चाळताना घट होते, म्हणून एक ब्रास जास्त मागवावी. थराच्या बाबतीत काटकसर करू नये. एक फुटाच्या खाली गेलेल्या थरावर आदळलेला मुलगा जमिनीवरच आदळल्यासारखा होतो.

माती आली की उन्हात पसरून दोन-चार दिवस वाळवावी, ढेकळे फोडावीत आणि आधी वाळूच्या चाळणीने, मग बारीक चाळणीने अशी दोनदा चाळावी. बारीक चाळणीवर उरलेला खडा कितीही लहान असला तरी तो आत जाऊ देऊ नये. घोट्याखाली किंवा पाठीखाली आलेला तेवढाच खडा जखम करायला पुरतो. मग माती हौद्यात थराथराने टाकावी आणि प्रत्येक थरावर ताक, गोडे तेल, हळद, लिंबाचा रस आणि कुटलेला कापूर घालून फावड्याने कालवावी. काही ठिकाणी काव (गेरू) आणि कडुनिंबाचा वाळवलेला पालाही घालतात. प्रत्येक तालमीचे प्रमाण निराळे असते आणि ते गावच्या मातीवर ठरते, म्हणून म्हाताऱ्या पैलवानांना विचारण्याचा आग्रह आधी धरला. सर्वसाधारण नियम एवढाच की तेल आणि ताक थोडे-थोडे घालावे. तेलाने धूळ बसते आणि माती अंगाला घट्ट चिकटत नाही, पण जास्त झाले तर तिचे गोळे होतात. कालवलेली माती काही दिवस मुरू द्यावी, रोज एकदा खालीवर करावी आणि ताकाचा आंबूस वास पूर्ण गेल्यावरच तिच्यावर पाय ठेवावा.

ओलाव्याची पारख हाताने करता येते. मूठभर माती दाबून मूठ उघडली की गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचताच तो सुटला पाहिजे. गोळा होतच नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडायला हवे होते असे समजावे. बोटाला चिखल लागला, तर त्या दिवशी लढत ठेवू नये.

माती तयार झाल्यावर तिची रोजची सेवा सुरू होते. कुस्तीपूर्वी संपूर्ण हौदा फावड्याने उकरून सारखा करणे ही स्वतंत्र मेहनत मानली जाते. खांदे, पाठ आणि मनगटे या कामाने जशी तयार होतात तशी यंत्राने होत नाहीत, म्हणून हे काम मजुराकडून करून घेऊ नये. पाळी लावून मुलांनीच करावे, आणि थोर घरच्या मुलालाही त्यातून सूट देऊ नये. रात्री दार घट्ट बंद ठेवावे, कारण कुत्र्या-मांजरांना भुसभुशीत माती फार आवडते आणि त्यांच्या घाणीतून जंत होतात.

वस्ताद

माती विकत आणता येते, वस्ताद तसा मिळत नाही. नावाजलेल्या मल्लाला उद्‌घाटनाला बोलावता येईल, पण तालमीला हवा असतो रोज पहाटे येऊन बसणारा माणूस. त्याने मोठी मैदाने मारलेली असलीच पाहिजेत असे नाही. मुलाचा श्वास कधी फुलला, कोण दुखणे लपवतो आहे, कोणाला कोणाशी अजून धरू द्यायचे नाही, हे ज्याला काठावर बसून कळते तो खरा वस्ताद. गावात असा निवृत्त पैलवान असेल तर त्याच्या घरी जाऊन, रीतीप्रमाणे नारळ-पान ठेवून विनंती करावी आणि मानधन स्पष्ट ठरवावे. मान आहे म्हणून मानधनाचे बोलायचे नाही, या संकोचामुळे चांगले वस्ताद गमावल्याची उदाहरणे कमी नाहीत. एकदा जबाबदारी दिली की हौद्याच्या आतला शब्द त्यांचा आणि बाहेरचा हिशेब मंडळाचा, ही विभागणी पाळावी. अध्यक्षांनी आपल्या पुतण्याची जोड ठरवायला हौद्यात उतरू नये.

पहिले तीन महिने

मुले दहा-अकरा वर्षांची असताना आली तर उत्तम. प्रवेश देताना पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचा दाखला घ्यावा. मातीत काम असल्याने धनुर्वाताची लस घेतलेली असणे सक्तीचे करावे, यात कुणाचीही गय करू नये.

पहाटे साडेपाचची वेळ शाळकरी मुलांना सोसते. हातपाय धुऊन, मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करून हौद्याची माती कपाळाला लावून आत उतरायचे, हा परिपाठ पहिल्या दिवसापासून ठेवावा. नवख्याला २५ जोर आणि ५० बैठका पुरेशा आहेत. आकडा वाढवण्याआधी पाठ सरळ राहते का, टाचा योग्य वेळी उचलल्या जातात का आणि श्वास सुटत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर दोर चढणे, मल्लखांब आणि हलकी जोडी फिरवणे. पहिले काही आठवडे लढत मुळीच लावू नये. त्याऐवजी पडायला शिकवावे: हनुवटी छातीला लावून, खांद्यावर भार घेऊन, हात न टेकता. मानेवर पडण्याचा धोका ज्याला टाळता येतो त्यालाच पुढे पट काढणे, ढाक, घिस्सा आणि टांग असे डाव दाखवावेत. तेही एका वेळी एकच डाव, आणि त्याची तोड, म्हणजे त्यावरचा प्रतिडाव, त्याच दिवशी.

अंगाची स्वच्छता हा तालमीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नखे दर आठवड्याला तपासावीत. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवलेला हवा आणि एकाचा दुसऱ्याने वापरू नये. गजकर्ण, नायटा किंवा पाण्याचे फोड दिसले की त्या मुलाला बरे होईपर्यंत हौद्याबाहेर व्यायाम द्यावा. हळद आणि कापूर मातीत आहेत म्हणून त्वचारोग होत नाहीत ही समजूत धोक्याची आहे. कान सुजला तर तो दाबत किंवा चोळत न बसता लगेच डॉक्टरकडे न्यावे. मोडलेला कान पैलवानाची खूण मानला जात असला, तरी लहान मुलाच्या बाबतीत ती खूण टाळता येते आणि टाळलीच पाहिजे.

खुराकाबद्दल घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे. दूध, केळी, अंडी, डाळी, भाकरी आणि ऐपतीप्रमाणे बदामाची थंडाई एवढ्यावर मुलगा चांगला वाढतो. दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी आणि वेलची घोटून केलेली थंडाई आठवड्यातून एकदा तालमीतच सर्वांसाठी करावी, म्हणजे ज्याच्या घरी बदाम येत नाहीत त्यालाही ती मिळते. ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि इंजेक्शने यांना तालमीच्या दारातच बंदी असावी, आणि ती आणणाऱ्याला, तो कितीही चांगला मल्ल असला तरी, वस्तादांनी बाहेर काढावे.

गादी, मुली आणि जत्रा

मातीवर एवढा भर दिला म्हणून गादीला, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीला, विरोध आहे असे समजू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, ते मातीतून गादीवर जाऊनच. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात. गादीचे कुस्तीवर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते. तेवढी जागा तालमीत नसेल तर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस सराव ठेवावा. हौदा बुजवून त्याच जागी गादी टाकण्याचा निर्णय मात्र घेऊ नये. माती गेली की उकरणे जाते आणि त्याबरोबर अर्धी मेहनत जाते.

मुलींसाठी स्वतंत्र वेळ, कपडे बदलण्याची बंद खोली आणि एक महिला प्रशिक्षक किंवा जबाबदार महिला उपस्थित असणे, एवढी व्यवस्था झाल्याशिवाय प्रवेश सुरू करू नये, आणि ती व्यवस्था करायला वेळही लावू नये. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली, हे गावातल्या शंका काढणाऱ्यांना सांगावे. जुन्या रिवाजाचे कारण पुढे केले जाते तिथे वस्तादांनी स्वतः उभे राहून मुलींच्या हाती माती द्यावी. त्यापुढे कुणी बोलत नाही.

पहिल्या जत्रेला मुलांना नेताना रेवड्यांवरच्या, म्हणजे नावापुरत्या इनामाच्या लहान कुस्त्यांपुरतेच नाव द्यावे. जोड लावताना वय आणि वजन दोन्ही बघावे, समोरच्या तालमीच्या वस्तादांशी आधी बोलून घ्यावे आणि हलगीच्या आवाजाने बावरलेल्या मुलाला जबरदस्तीने आखाड्यात ढकलू नये. जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघांनीही पंचांच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या वस्तादांच्या पाया पडूनच बाहेर यावे. जत्रेत मिळालेले इनाम मुलाचे असते, ते तालमीच्या खात्यात जमा करू नये. तालमीचा खर्च वर्गणीतून आणि देणग्यांतून भागवावा, आणि त्याचा हिशेब दर महिन्याला दाराजवळच्या फळ्यावर लिहावा.